उंदराला जागा किती लागते?

यंदाच्या गणेशोत्सवात आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली आणि प्रसादाच्या रांगेत उभे असताना एका सात-आठ वर्षांच्या मुलीने आमचा झब्बा ओढला. बाप्पाच्या पायाशी बसलेल्या मूषकराजाकडे बोट दाखवून तिने विचारलं, "काका, तुम्ही खरंच उंदरांसाठी घरं बांधता?"

तिच्या आईने डोळे वटारले. रांगेतली मंडळी हसली. आम्हीही "हो, एसीवाली घरं!" असं काहीतरी बोलून वेळ मारून नेली आणि मोदकांकडे मोर्चा वळवला. पण पोरगी चिवट. "मग एका उंदराला केवढी खोली देता?"

या प्रश्नाचं उत्तर आम्हाला तोंडपाठ आहे. पण मूषकराजासमोर ते उच्चारायला जीभ रेटेना. आमची ही तारांबळ संपादकांनी पाहिली आणि "पुढच्या अंकासाठी हेच लिहा" असे फर्मान सोडले. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी थोडी ओळख. आम्ही पडलो मेकॅनिकल इंजिनिअर. सांगलीला बी.ई., मँचेस्टरला एम.एस्सी. आणि त्यानंतरची वीसेक वर्षे इमारतींमध्ये हवा खेळवण्याचा धंदा. शाळा झाल्या, ऑफिसे झाली, हॉस्पिटले झाली. आणि आजवर तीन ठिकाणी, संशोधनासाठी पाळलेल्या प्राण्यांची 'अ‍ॅनिमल हाऊस'. ती कुठली, कुणाची, हे सांगणार नाही. त्या कामाबद्दल बाहेर बोलायचे नाही असा रिवाजच होता आणि त्याला कारणही होते. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या अशाच एका इमारतीचे बांधकाम २००४ साली निदर्शने आणि धमक्यांमुळे बंद पडले होते. २००५ च्या अखेरीस ते पुन्हा सुरू झाले आणि इमारत उघडायला २००८ उजाडले. त्यामुळे आमच्या बायोडेटात त्या कामांपुढे नुसते 'संशोधन इमारत' एवढेच लिहिलेले असे. २०१४ साली इथल्या बऱ्याच विद्यापीठांनी, संस्थांनी आणि कंपन्यांनी मिळून या विषयावर उघडपणे बोलण्याचा जाहीरनामा केला. तेव्हापासून वातावरण पुष्कळ निवळले. आमचीच जीभ तेवढी निवळायला वेळ लागला.

एका कुत्र्याचा पुतळा

प्राण्यांवरच्या प्रयोगांना वेसण घालणारा जगातला पहिला कायदा याच देशात झाला, १८७६ साली. व्हिक्टोरिया राणीच्या काळात, म्हणजे आपल्याकडे पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि सार्वजनिक सभा यांची चर्चा होती त्या सुमाराला. या कायद्याने प्रयोग करणाऱ्याला लायसन्स घेणे भाग पडले आणि तपासनीस नेमले गेले. पण कायद्याची नजर होती ती प्रयोगाच्या टेबलावर. प्राणी उरलेला वेळ कुठे आणि कसा राहतो, याकडे कुणी फारसे पाहिले नाही.

लोकांच्या मनात मात्र हा विषय धुमसत होता. १९०३ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात एका तपकिरी कुत्र्यावर विद्यार्थ्यांसमोर प्रयोग झाला. कुत्र्याला पुरेशी भूल दिली नव्हती, असा आरोप वर्गात बसलेल्या दोन स्वीडिश बायकांनी केला. प्रोफेसर बेलिस यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि जिंकला. दोन हजार पौंड भरपाई! पण गोष्ट संपली नाही. १९०६ साली बॅटरसी भागात त्या कुत्र्याचा पुतळा उभा राहिला, त्यावरून मेडिकलच्या विद्यार्थ्यांनी १९०७ साली दंगली केल्या, पुतळ्याला पोलिस पहारा द्यावा लागला आणि शेवटी १९१० साली रात्रीच्या अंधारात तो हलवण्यात आला. १९८५ साली बॅटरसी पार्कमध्ये नवा पुतळा बसला. लंडनच्या मंडळींनी कधी फिरायला गेलात तर जरूर पाहावा.

घराचा, म्हणजे पिंजऱ्याचा विचार नेटाने सुरू झाला तो पुढच्या पिढीत. मेजर चार्ल्स ह्यूम या गृहस्थांनी १९२६ साली लंडन विद्यापीठात प्राणीकल्याणाची एक संस्था काढली. तीच पुढे 'यूफॉ' या नावाने ओळखली जाऊ लागली. ह्यूमसाहेबांचे म्हणणे असे की, नुसता हळहळून उपयोग नाही, शास्त्रीय पद्धतीने काम करा. १९४७ साली या संस्थेने प्रयोगशाळेतल्या प्राण्यांची देखभाल कशी करावी याचे एक जाडजूड हँडबुक काढले. १९५९ साली तिच्याच प्रोत्साहनाने रसेल आणि बर्च या दोघांनी एक पुस्तक लिहिले आणि त्यातून तीन 'आर' जन्माला आले : रिप्लेसमेंट, रिडक्शन, रिफाइनमेंट. म्हणजे प्राण्याऐवजी दुसरे काही चालत असेल तर ते वापरा, प्राणीच लागत असेल तर कमीत कमी वापरा आणि वापरताना त्रास कमीत कमी द्या. आज जगभर या क्षेत्रातला माणूस हे तीन शब्द श्री गणेशाय नम: सारखे म्हणतो.

१८७६ चा कायदा एकशे दहा वर्षे टिकला. त्याच्या जागी १९८६ चा नवा कायदा आला. आता प्रयोग करणाऱ्या माणसाला वेगळे लायसन्स, त्या विशिष्ट प्रकल्पाला वेगळे आणि जागेला वेगळे. तिन्ही गृहखात्याकडून, म्हणजे होम ऑफिसकडून. हो, तेच होम ऑफिस. आपल्या व्हिसाच्या फायली जिथे पडून असायच्या तेच! प्रत्येक ठिकाणी एक व्हेटरनरी डॉक्टर आणि प्राण्यांची रोजची काळजी वाहणारा एक अधिकारी नावानिशी नेमावा लागतो. १९८९ साली होम ऑफिसने प्राण्यांच्या निवाऱ्याची नियमावली काढली. युरोपचा निर्देश २०१० साली आला. त्यानुसार इथला कायदा २०१३ च्या १ जानेवारीपासून सुधारला गेला आणि २०१४ च्या डिसेंबरात नवी नियमावली निघाली. ब्रिटन युरोपातून बाहेर पडले, पण ती मापे राहिली.

पोस्टकार्डाएवढी जागा

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. मराठीत आपण सगळ्यांनाच उंदीर म्हणतो, पण इथे माऊस म्हणजे छोटा आणि रॅट म्हणजे मोठा, असे दोन वेगळे हिशेब आहेत. ब्रिटनमध्ये २०२३ साली प्राण्यांवर सुमारे २६ लाख ८० हजार प्रक्रिया झाल्या. त्यातला निम्म्याहून मोठा वाटा छोट्या उंदरांचा. म्हणून हिशेबही त्याचाच करू.

छोट्या उंदरांचा पिंजरा कमीत कमी ३३० चौरस सेंटीमीटरचा आणि १२ सेंटीमीटर उंच हवा. आपला ए-फोर कागद सुमारे ६२४ चौरस सेंटीमीटरचा असतो. म्हणजे त्याच्या निम्म्याहून किंचित मोठा. त्यात किती राहायचे ते वजनावर. वीस ते पंचवीस ग्रॅमच्या उंदराला ७० चौरस सेंटीमीटर, तीस ग्रॅमच्या वरच्याला १००. आपल्या पोस्टाचे पोस्टकार्ड आठवतेय? चौदा बाय नऊ. ते १२६ भरते. म्हणजे चांगल्या जाडजूड उंदराच्या वाट्याला पोस्टकार्डाहूनही कमी जागा.

हेच उत्तर त्या दिवशी घशात अडकले होते.

बाकीच्यांची मापे भराभर सांगतो. दोनशे ग्रॅमपर्यंतच्या मोठ्या उंदराला २०० चौरस सेंटीमीटर, पण पिंजरा निदान ८०० चा. तीन ते पाच किलोचा ससा असेल, तर एकाला किंवा गुण्यागोविंदाने राहणाऱ्या दोघांना मिळून ४२०० चौरस सेंटीमीटर, उंची ४५ आणि शिवाय चढून बसायला एक फळी. वीस किलोपर्यंतच्या कुत्र्याला, म्हणजे इथे बहुधा बीगल, एकाला किंवा दोघांना ४ चौरस मीटर आणि उंची २ मीटर. गंमत बघा, इंग्लंडमध्ये लायसन्स लागणाऱ्या भाड्याच्या घरांत एका प्रौढ माणसाच्या झोपायच्या खोलीला किमान ६.५१ चौरस मीटर हवेत, हा नियम २०१८ साली आला. आम्ही विद्यार्थी असताना ज्या खोलीत राहिलो ती त्यात बसली असती की नाही, शंका आहे. पलंगावर बसूनच दार उघडता येई.

पण नियमावली नीट वाचली की एक गोष्ट ध्यानात येते. चौरस सेंटीमीटर हा त्यातला सर्वांत सोपा भाग आहे. मोजपट्टी लावली, झाले. खरी मेख पुढच्या ओळींत आहे. कळपाने राहणाऱ्या प्राण्याला एकटे ठेवायचे असेल, तर त्याला सबळ कारण लागते. कुत्र्याला एका वेळी चार तासांपेक्षा जास्त एकटे ठेवता येत नाही. उंदराला घरटे करायला काहीतरी दिलेच पाहिजे, लपायला जागा हवी, कुरतडायला लाकूड हवे. म्हणजे नुसते भिंती आणि छप्पर दिले की काम संपत नाही. प्राणी स्वत:चे स्वत: काय करतो, त्याला वाव आहे का, हे पाहावे लागते.

गिरगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत आठ-आठ माणसे वाढली, आमचे वडील त्यातलेच. ते नेहमी म्हणत, जागा नव्हती पण जाग होती. हे वाक्य होम ऑफिसच्या नियमावलीत शोभले असते.

हवा, उजेड, आवाज

आता थोडे आमच्या धंद्याचे. एक छोटा उंदीर सुमारे अर्धा वॅट उष्णता टाकतो. नगण्य वाटते ना? पण एका मजल्यावर पाच हजार उंदीर असले तर अडीच किलोवॅट झाले. म्हणजे घरातली चहाची किटली रात्रंदिवस उकळत ठेवल्यासारखे. त्यात मुतारीचा वास. मुतातल्या युरियाचे जंतू अमोनियात रूपांतर करतात आणि तो उंदरांच्या आणि माणसांच्याही श्वासनलिकेला झोंबतो. म्हणून खोलीतली सगळी हवा तासाला पंधरा ते वीस वेळा बदलायची असा ठोकताळा आहे. तापमान वीस ते चोवीस अंश, दमटपणा पंचावन्न टक्क्यांच्या आसपास. हल्ली प्रत्येक पिंजऱ्याला स्वतंत्र, गाळलेली हवा पुरवणारे रॅक असतात. त्यात पिंजऱ्यातली हवा याहून कितीतरी वेगाने बदलते. पंखा बंद पडला तर दुसरा तयार हवा, वीज गेली तर जनरेटर हवा आणि मध्यरात्री कुणाच्या तरी फोनवर घंटा वाजली पाहिजे.

उजेड बारा तास आणि अंधार बारा तास. उंदीर निशाचर, आणि त्याला लाल रंग जवळपास दिसतच नाही. म्हणून काही ठिकाणी त्याच्या पिंजऱ्यात लाल प्लॅस्टिकचे पारदर्शक घरकुल ठेवतात. त्याला वाटते आपण अंधारात लपलोय आणि आपल्याला तो दिसत राहतो.

आवाजाची गोष्ट तर आम्ही कॉलेजात कधी ऐकलीच नव्हती. माणसाला वीस किलोहर्ट्झच्या पुढचे ऐकू येत नाही. उंदराला ऐंशीच्याही पुढे ऐकू येते. वाहता नळ, कॉम्प्युटरचा पडदा, जुन्या ट्यूबलाइटचा चोक, हे सगळे आपल्या दृष्टीने गप्प असलेले पाहुणे त्याच्या कानाशी किंचाळत असतात. उलट खालच्या पट्टीतले त्याला फारसे ऐकू येत नाही. म्हणून शक्य तिथे आगीचा भोंगा मुद्दाम ढाल्या सुरातला बसवायचा, म्हणजे माणसे पळतील आणि उंदरांना पत्ता लागणार नाही. असा भोंगा आम्ही पहिल्यांदा ऐकला तेव्हा बैल हंबरला असेच वाटले.

टेक्निशियन बाईंनी घेतलेली परीक्षा

आता जी हकीकत सांगायची आहे, तिच्यासाठीच खरे तर हा लेख.

दुसऱ्या वेळचे काम. इमारत झाली, यंत्रे चालू झाली. आम्ही आठवडाभर राबून सगळे आकडे घेतले होते. तापमान बावीस अंश. दमटपणा चोपन्न. तासाला अठरा वेळा हवेची अदलाबदल. परीक्षेत शंभरपैकी शंभर! रिपोर्टवर सही केली आणि मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली.

महिन्याभराने बोलावणे आले. तिथे देखभाल करणाऱ्या एक टेक्निशियन बाई होत्या. पन्नाशीच्या, यॉर्कशरच्या, बोलायला रोखठोक. तीस वर्षे याच कामात. त्या म्हणाल्या, "या खोलीतल्या वरच्या ओळीतले उंदीर थंडीने काकडतायत."

आम्ही रिपोर्ट उघडला. "हे बघा, बावीस अंश. नियमात बसतं."

"तुम्ही कुठे मोजलंत?"

हवा परत जाते त्या डक्टमध्ये, आणि खोलीच्या मधोमध. जसे सगळे मोजतात तसे.

बाईंनी काही न बोलता वरच्या ओळीतला एक पिंजरा खाली काढला. उंदरांना घरटे करायला कागदाच्या बारीक पट्ट्या दिल्या होत्या. या पिंजऱ्यातल्या सगळ्या पट्ट्या मागच्या कोपऱ्यात ओढून त्यांचा घुमट केला होता आणि त्यात चार उंदीर एकमेकांना चिकटून बसले होते. मग खालच्या ओळीतला पिंजरा काढला. तिथे पट्ट्या सैल पसरलेल्या, उंदीर ऐसपैस. "घरट्याला आम्ही एक ते पाच गुण देतो," त्या म्हणाल्या. "वरच्या ओळीत सगळे पाच. माझे उंदीर काही एकदम हुशार झालेले नाहीत."

छतातून येणाऱ्या गार हवेचा झोत नेमका वरच्या ओळीवर पडत होता. खोलीची सरासरी बरोबर, पण सरासरीत राहतो कोण? उंदीर राहतो त्या डब्यात. तिथे आम्ही थर्मामीटर लावलाच नव्हता.

त्यात भर म्हणजे, उंदराला मुळात आवडते ते तीस अंशांच्या आसपासचे तापमान. वीस ते चोवीस ही सोय आहे गाऊन, मास्क आणि हातमोजे घालून काम करणाऱ्या माणसांची. उरलेली ऊब उंदीर घरट्यातून आणि शेजाऱ्याच्या अंगातून मिळवतो. म्हणून घरट्याचे सामान आणि सोबत ही नियमावलीत चैन म्हणून घातलेली नाही, तो त्याचा हीटर आहे. हा हीटर कुठल्याही डक्टपेक्षा स्वस्त, हे इंजिनिअर म्हणून कबूल करायला अंमळ जड जाते.

दुरुस्ती काही मोठी नव्हती. छतातली जाळी काढून लांब कापडी डक्ट बसवला, त्यातून हवा झिरपत येते, झोत बसत नाही. पिंजऱ्यांच्या आत जाऊन पुन्हा मोजमापे घेतली. पण एक महिनाभर काही शे जीव आमच्या सहीखाली कुडकुडले आणि कागदावर सारे आलबेल होते, ही गोष्ट मनातून गेली नाही. शिवाय बाईंनी जाता जाता सुनावले, "थंडीत बसलेल्या उंदरावरचा प्रयोग हा थंडीवरचा प्रयोग असतो, औषधावरचा नव्हे." म्हणजे प्राण्याचेही हाल आणि संशोधनही फुकट.

त्यांनीच एक प्लॅस्टिकची नळी दाखवली. पूर्वी उंदराला शेपटीला धरून उचलायची पद्धत होती. लिव्हरपूल विद्यापीठाच्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी २०१० साली दाखवून दिले की, नळीतून किंवा हाताच्या ओंजळीतून उचललेले उंदीर माणसाला कितीतरी कमी घाबरतात. वर्षानुवर्षे शेपटीने उचलले, आणि उंदीर भित्राच असतो असे समजून चाललो! यात ना मोठी मशिनरी, ना खर्च. कुणीतरी उंदराच्या बाजूने विचार केला, एवढेच.

चारशे माकडे आणि मोरारजीभाई

हे सगळे परदेशी चोचले आहेत, असे कुणी म्हणेल. तसे नाही. आपला या गोष्टीशी जुना संबंध आहे. मुंबईत प्लेगने थैमान घातले तेव्हा हाफकिनसाहेबांनी लस तयार केली, सशांवर तपासली आणि १८९७ च्या १० जानेवारीला स्वत:च्या दंडात टोचून घेतली. पुण्याच्या पूनावालांच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे सीरमसाठी हाफकिन इन्स्टिट्यूटला जात आणि त्यातूनच १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली, हे तर आता सर्वश्रुत आहे.

पण आम्हाला, हवा खेळवणाऱ्याला, चटका लावून गेली ती १९५५ सालची गोष्ट. त्या काळात पोलिओची लस करायला ऱ्हीसस माकडांच्या मूत्रपिंडातल्या पेशी लागत आणि भारतातून हजारो माकडे विमानाने पश्चिमेकडे जात. त्या साली अशी जवळजवळ चारशे माकडे लंडनच्या विमानतळावर, पुढच्या विमानाची वाट पाहताना, गुदमरून मेली. रोगाने नाही, प्रयोगाने नाही. हवेवाचून. भारत सरकारने निर्यात काही काळ थांबवली आणि मग अटी घालून पुन्हा सुरू केली. पुढे १९७८ साली ती कायमची बंद झाली. पंतप्रधान होते मोरारजी देसाई. मोरारजींचे नाव काढले की संयुक्त महाराष्ट्राच्या आठवणीने आपल्या कपाळावर आठी पडते, पण माकडांच्या दरबारात त्यांना मानाचे पान मिळायला हरकत नसावी.

भारतात १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्ध कायदा झाला, त्यात प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या समितीची तरतूद होती. सविस्तर नियम १९९८ साली आले. म्हणजे पुण्या-मुंबईतल्या प्रयोगशाळेतल्या उंदरालाही आज कायद्याचे छत्र आहे.

आईला काय सांगायचं?

राहिली घरची गोष्ट. आमची आई सांगलीला असते. वारकरी घराणे, गळ्यात माळ, मुंगीला साखर घालणारी बाई. तिला आम्ही कितीतरी वर्षे "हॉस्पिटलचं काम करतो" असेच सांगत आलो. खोटे नव्हते, पण खरेही नव्हते. दोन वर्षांपूर्वी ती इथे आली होती. एका संध्याकाळी तिला इन्सुलिन देताना सौ. बोलून गेली, "आई, हे इन्सुलिन आधी कुत्र्यांवर शोधलं होतं म्हणे." टोरांटोला, १९२१ साली, बँटिंग आणि बेस्ट यांनी. आईने आमच्याकडे पाहिले. मग आम्ही सगळेच सांगून टाकले. उंदीर, पिंजरे, शेवटी त्यांचे काय होते ते, वरच्या ओळीची थंडी, सगळे.

आम्हाला वाटले होते, ती दोन दिवस बोलणार नाही. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "शेवटाला मारतातच ना?"

"हो. बहुतेकांना."

"मग चांगलं घर दिलं म्हणून पाप फिटतं असं नको समजूस."

"नाही समजत."

पुन्हा थोडा वेळ गेला. सुई टोचलेली जागा चोळत तिने विचारले, "त्यांना एकटं तर नाही ना ठेवत?"

आम्ही नियम सांगितला. गटाने ठेवतात, एकटे ठेवायचे तर कारण लिहून द्यावे लागते. तिने मान हलवली. "हे बरं केलं. जागेचं काही नाही रे. माझ्याकडं बघ, तीन खोल्या आहेत." आणि हसली. सौ. उठून उगीचच चहा करायला गेली.

ती गेल्यावर आम्ही रविवारचा फोन रोजचा केला. याहून मोठे काही केले, असे म्हणवत नाही.

असो. त्या मुलीला उत्तर द्यायचे राहिलेच आहे. पुढच्या वर्षी विचारलेच तर सांगणार आहोत : पोस्टकार्डाहून थोडी कमी जागा, बाळ. पण ती कमीत कमी, त्याहून जास्त द्यायला कुणाची मनाई नाही. सोबतीला भावंडं, घरटं करायला कागदाच्या पट्ट्या, आणि रोज येऊन डोकावणारी एक मावशी, जिला काकांच्या थर्मामीटरपेक्षा जास्त कळतं. आणि मग तिने पुढचा प्रश्न विचारलाच, की त्यांना तिथे ठेवायचंच कशाला, तर आजीचं इन्सुलिनही सांगू आणि आजी काय म्हणाली तेही सांगू. दोन्ही खरं आहे. त्यातलं एकच सांगून प्रसादाच्या रांगेतून पळ काढणं आता पुरे झालं.